शिपायातून अधिकारी: बढती की निवड?

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात, जेथे पिढ्यान्‌पिढ्या घरोघरचे तरुण पलटणीत जात आले आहेत, सुट्टीवर आलेल्या सुभेदाराचा मान काय असतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला तोच सुभेदार छावणीत एखाद्या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटापुढे टाचा जुळवून सलाम करतो हे समजले, म्हणजे त्याचे मन गोंधळल्यावाचून राहत नाही. सुभेदाराची पंचवीस वर्षे बर्फात, वाळवंटात आणि अरण्यात गेलेली असतात. लेफ्टनंटाच्या खांद्यावरचे दोन तारे कदाचित सहा महिन्यांचेही झालेले नसतात. तरीही हुकूम लेफ्टनंटाचा आणि तामिली सुभेदाराची. मुलकी खात्यात कारकुनाचा अव्वल कारकून, अव्वल कारकुनाचा नायब तहसीलदार आणि पुढे तहसीलदार होतो, हे आपल्या परिचयाचे आहे. मग लष्करात हवालदाराचा सुभेदार झाला, तसा सुभेदाराचा लेफ्टनंट, कॅप्टन आणि मेजर क्रमाक्रमाने का होऊ नये?

या प्रश्नाची चर्चा सामान्यतः ‘अनुभव श्रेष्ठ की शिक्षण श्रेष्ठ’ या वळणावर जाते आणि तेथेच रुतून बसते. वस्तुतः जगातील कोणतेही शहाणे सैन्य या दोहोंपैकी एकालाच कवटाळून बसलेले नाही. या व्यवस्थेची खरी किल्ली माणसाच्या वयात आहे, आणि ती कशी, हे समजून घेण्यासाठी प्रथम लष्करातील हुद्द्यांची रचना पाहिली पाहिजे.

एका पलटणीतील तीन थर

भारतीय भूदलात हुद्द्यांचे तीन थर आहेत. खालच्या थरात शिपाई, लान्स नाईक, नाईक आणि हवालदार. मधल्या थरात नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर, ज्यांना घोडदळाच्या परंपरेतील पलटणींत रिसालदार म्हणतात. आणि वरच्या थरात लेफ्टनंटापासून जनरलपर्यंतचे अधिकारी. ज्या सनदेच्या बळावर अधिकारी हुकूम करतो तिला कमिशन म्हणतात. मधल्या थरालाही सनद असते, पण ती कनिष्ठ दर्जाची. म्हणून या मंडळींना ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर, म्हणजेच बोलीभाषेत ‘जेसीओ’, असे नाव आहे. हा मधला थर ब्रिटिश हिंदी सैन्याचा वारसा असून तो आज भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश यांच्या सैन्यांत आढळतो. जवान सुभेदाराला ‘साहेब’ म्हणतो, सुभेदार लेफ्टनंटाला ‘साहेब’ म्हणतो, आणि शहाणा लेफ्टनंटही सुभेदाराला ‘सुभेदार साहेब’ असेच संबोधतो, यावरून या थराचे वजन ध्यानात येईल.

आता या थरांची कामे पाहू. हवालदार साधारण दहा माणसांच्या सेक्शनचा प्रमुख असतो. अशा तीन सेक्शनांची मिळून तीस-पस्तीस जणांची प्लॅटून होते, आणि तिचे नेतृत्व बहुधा जेसीओकडे असते. तीन प्लॅटूनींची कंपनी मेजराकडे, आणि सुमारे आठशे जणांची पलटण कर्नलाकडे. हवालदाराला आपला प्रत्येक माणूस डोळ्यांसमोर दिसतो. कोणाचे बूट फाटले आहेत, कोणाच्या घरचे पत्र आलेले नाही, कोण घाबरला आहे, हे त्याला विचारावे लागत नाही. कर्नलाला मात्र आपल्या आठशेंपैकी बहुतेक जण लढाईच्या वेळी दिसतच नाहीत. तोफखान्याचा मारा कोणत्या घटकेला थांबवावा, दारूगोळा व शिधा कोणत्या वाटेने यावा, शेजारची पलटण मागे हटली तर आपण काय करावे, याचा विचार त्याला नकाशावरून आणि वायरलेसवरील तुटक वाक्यांवरून करावा लागतो. पहिले काम करता करता उत्तम साधते. दुसरे काम केवळ पहिले काम अनेक वर्षे केल्याने साधतेच असे नाही.

तर मग लेफ्टनंटाला प्लॅटून का देतात? ती त्याची योग्यता सिद्ध झाली म्हणून दिलेली नसते. पुढे पंधरा-सोळा वर्षांनी त्याच्या हाती पलटण द्यावयाची आहे, म्हणून दिलेली असते. त्या काळात तो शिकाऊ अधिकारी असतो आणि त्याचा व्यावहारिक गुरू असतो तो सुभेदार. सलाम सनदेला होतो, आणि सनदेचा खरा उपयोग भविष्यकाळातला असतो. प्रारंभीच्या कोड्याचा निम्मा उलगडा येथे होतो.

सनद कोणाला मिळत असे?

राहिलेला निम्मा भाग इतिहासात आहे, कारण ही सनद सर्वत्र आणि सर्वकाळ योग्यता पाहून दिली जात होती असे मुळीच नाही. इंग्लंडच्या पायदळात व घोडदळात अधिकाराची पदे १८७१ पर्यंत रोख रकमेला विकत मिळत. १८२१ च्या अधिकृत दरपत्रकाप्रमाणे सामान्य पायदळ पलटणीतील एन्साइनचे, म्हणजे सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्याचे, पद ४५० पौंडांस आणि लेफ्टनंट कर्नलचे पद ४,५०० पौंडांस होते. युद्धमंत्री एडवर्ड कार्डवेल यांनी ही खरेदी-विक्री बंद पाडली, तेव्हा सरदारवर्गाने एवढा विरोध केला की, अखेर राणीच्या फर्मानाचा आश्रय घ्यावा लागला. फ्रान्समध्ये १७८१ च्या सेगुर हुकुमाने बहुतेक नव्या अधिकाऱ्यांना चार पिढ्यांच्या खानदानाचा पुरावा आवश्यक केला. म्हणजे शिपायाला वर जाण्याची जी अरुंद वाट होती, तीही बुजवून टाकली.

आठ वर्षांनी राज्यक्रांती झाली. खानदानी अधिकारी मोठ्या संख्येने देश सोडून गेले आणि सैन्याच्या वरच्या जागा एकदम रिकाम्या पडल्या. त्या जागा भरल्या त्या सार्जंटांनी आणि शिपायांनी. पिंपे बनविणाऱ्या कारागिराचा मुलगा मिशेल ने हा १७८७ मध्ये, अठराव्या वर्षी, शिपाई म्हणून भरती झाला आणि १७९६ मध्ये, म्हणजे सत्ताविसाव्या वर्षी, सेनापती झाला. जुन्या राजवटीत सार्जंटाच्या पलीकडे ज्याला फारशी आशा नव्हती तो बेर्नादोत तर नेपोलियनचा मार्शल झाला आणि १८१८ मध्ये स्वीडनच्या गादीवर बसला. ही उदाहरणे शिपायांच्या बाजूने नेहमी पुढे केली जातात, आणि ती रास्तच आहेत. परंतु त्यांतील एक गोष्ट नजरेतून निसटते. हे लोक वर गेले ते विशीत आणि तिशीच्या आरंभी. फ्रान्सने जुन्या सार्जंटांना सेवेबद्दल बक्षीस दिले नाही. तरुण सार्जंटांतील कर्तबगार माणसे युद्धाच्या चाळणीतून वेचून घेतली.

आपल्याकडेही हा मार्ग अपरिचित नव्हता. होळ गावचे मल्हारराव होळकर कंठाजी कदम बांडे यांच्या घोडदळात साधे स्वार म्हणून राहिले आणि बाजीरावाच्या काळात माळव्याचे सुभेदार झाले, तेही ऐन उमेदीत. पुढे सरंजाम वंशपरंपरेने चालू लागले, तसतसा स्वाराला सरदारकीकडे नेणारा हा रस्ता अरुंद होत गेला.

वृद्ध सुभेदारांचे सैन्य

याच्या नेमके उलट उदाहरण ईस्ट इंडिया कंपनीच्या हिंदी पलटणींचे आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास हिंदी सुभेदाराकडे पलटणीतील एका कंपनीचे प्रत्यक्ष नेतृत्व असे. १७९६ च्या पुनर्रचनेनंतर पलटणीतील इंग्रज अधिकाऱ्यांची संख्या वाढविण्यात आली आणि सुभेदाराचा अधिकार ओसरून हुद्दा तेवढा शिल्लक राहिला. कितीही वर्षे नोकरी झालेला सुभेदार हा कालपरवा जहाजातून उतरलेल्या इंग्रज पोराच्या खालचाच मानला जाई, आणि गोऱ्या शिपायाला हुकूम करण्याचा अधिकार त्याला नव्हता.

त्यात भर पडली ती ज्येष्ठतेच्या शिरस्त्याची. बंगालच्या सैन्यात बढती प्रायः नोकरीच्या वर्षांवर मिळे. त्यामुळे माणूस सुभेदार होई तोवर त्याचे केस पिकलेले, गुडघे धरलेले आणि उमेद सरलेली असे. वर जाण्याची दारे बंद आणि खाली बढती केवळ टिकून राहण्याबद्दल, अशा दुहेरी व्यवस्थेत तरुण व तडफदार शिपायाला आपले कर्तृत्व दाखविण्याचे कारणच उरत नव्हते. १८५७ च्या उठावानंतर सैन्याच्या रचनेवर जी टीका झाली, तीत या ज्येष्ठतेच्या पद्धतीचा दोष ठळकपणे मांडला गेला.

आणखी एक दार होते, ते शिपाई होण्यापूर्वीचेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते; परंतु १८९० च्या दशकात सरकारने ‘लढवय्या जाती’ची कल्पना स्वीकारून महारांची भरती बंद केली, तेव्हा त्या समाजाच्या तरुणांना सुभेदारी तर राहोच, शिपाईगिरीही दुर्लभ झाली. शिपायातून अधिकारी घ्यावा की नाही, या प्रश्नाआधी शिपाई कोणाला होऊ देतात, हा प्रश्न विचारावा लागतो, तो यासाठी.

डेहराडूनची पहिली तुकडी

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ पासून, इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात हिंदी तरुणांसाठी वर्षाला दहा जागा राखण्यात आल्या. पुढे फील्ड मार्शल चेटवुड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, जिच्यात नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे हे एक सभासद होते, आणि तिच्या शिफारशींनुसार १९३२ मध्ये डेहराडून येथे इंडियन मिलिटरी अकॅडमी सुरू झाली. पहिल्या तुकडीत चाळीस छात्र घेण्यात आले. त्यांपैकी पंधरा खुल्या स्पर्धापरीक्षेतून, पंधरा सैन्याच्या शिपाईवर्गातून आणि दहा संस्थानी सैन्यांतून निवडलेले होते. म्हणजे शिपायातून अधिकारी घेण्याची तरतूद या संस्थेच्या पहिल्या दिवसापासून होती, आणि तीही खुल्या स्पर्धेच्या बरोबरीने.

या एकाच तुकडीतून तीन देशांचे सेनाप्रमुख निघाले: भारताचे सॅम माणेकशा, पाकिस्तानचे महंमद मूसा आणि ब्रह्मदेशाचे स्मिथ डन. माणेकशा स्पर्धापरीक्षेतून आले होते. मूसा आणि डन हे दोघे खालच्या हुद्द्यांतून वर आलेले होते. मूसा यांनी तर आपल्या आत्मचरित्राला ‘जवान टू जनरल’ असेच नाव दिले. शिपाई म्हणून आरंभ केलेला माणूस सेनापतीची बुद्धी दाखवू शकेल काय, ही शंका घेणाऱ्यांना या तुकडीने दिलेले उत्तर पुरेसे आहे. पण येथेही तीच अट दिसते: हे दोघे अकॅडमीत गेले ते विशीत असताना.

अशा सैनिकांची पूर्वतयारी करून घेण्यासाठी १९२९ मध्ये बुंदेलखंडातील नौगाँव येथे किचनर कॉलेज निघाले होते. १९६० मध्ये त्याचेच आर्मी कॅडेट कॉलेज झाले. १९६४ मध्ये ते पुण्यास आले आणि १९७७ मध्ये डेहराडूनला गेले. आजही किमान दोन वर्षे नोकरी झालेला, बारावी उत्तीर्ण आणि वीस ते सत्तावीस या वयातील सैनिक लेखी परीक्षा देऊन, आणि नंतर बाहेरून येणाऱ्या उमेदवारांप्रमाणेच निवड मंडळाच्या पाच दिवसांच्या कसोटीतून पार पडून, तेथे प्रवेश मिळवू शकतो. तीन वर्षे पदवीचे शिक्षण आणि एक वर्ष अकॅडमीतील शिक्षण झाले की, त्याच्या खांद्यावर लेफ्टनंटाचे तारे चढतात.

वयाचे गणित

आता या साऱ्या व्यवस्थेच्या मुळाशी असलेला हिशेब मांडू. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून गेलेला तरुण साधारण एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी लेफ्टनंट होतो. नियमाप्रमाणे दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर आणि तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल होतो. म्हणजे पस्तिशीत तो या हुद्द्यावर पोहोचलेला असतो. येथवरची बढती काळाप्रमाणे मिळते. कर्नलपासून पुढे निवड सुरू होते आणि प्रत्येक पायरीवर जागा कमी कमी होत जातात. कर्नल चोपन्नाव्या वर्षी निवृत्त होतो, ब्रिगेडियर छप्पन्नाव्या आणि मेजर जनरल अठ्ठावन्नाव्या वर्षी.

जो सैनिक एकविसाव्या वर्षी कॅडेट कॉलेजात गेला, तो पंचविसाव्या वर्षी लेफ्टनंट आणि अडतिसाव्या वर्षी लेफ्टनंट कर्नल होईल. त्याच्यापुढे बराच काळ शिल्लक आहे. जो सत्ताविसाव्या वर्षी गेला, तो लेफ्टनंट कर्नल होईपर्यंत चव्वेचाळीस वर्षांचा असेल. आणि पंचेचाळिशीच्या सुभेदाराला आज लेफ्टनंट केले, तर त्याच शिरस्त्याने तो लेफ्टनंट कर्नल होईल अठ्ठावन्नाव्या वर्षी, म्हणजे कर्नलाच्या निवृत्तीचे वय उलटून गेल्यावर चार वर्षांनी. त्याच्या बुद्धीत वा धैर्यात काही उणे आहे म्हणून हे दार बंद नसते. वेळ उरलेला नसतो.

आडसाली ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. जमीन काळी आहे, पाणी मुबलक आहे, बेणेही उत्तम आहे. परंतु सोळा-अठरा महिन्यांचे पीक जुलै-ऑगस्टऐवजी डिसेंबरात लावले, तर गाळपाचा हंगाम संपेपर्यंत ते तोडणीला येत नाही. उंच हुद्द्याचा अधिकारी हे लष्कराचे असेच दीर्घ मुदतीचे पीक आहे.

इस्राएलचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. तेथे अधिकाऱ्यांसाठी वेगळी, थेट वाट जवळजवळ नाहीच. सक्तीच्या सेवेत आलेला तरुण आधी शिपाई होतो, छोट्या गटाचे नेतृत्व करतो आणि त्यांतूनच अधिकारी निवडले जातात. हे साधते, कारण अठराव्या वर्षी सर्वच भरती होतात आणि अधिकाऱ्यांची निवड एक-दोन वर्षांतच उरकते. अनुभवासाठी वयाची फार मोठी किंमत मोजावी लागत नाही. ऐच्छिक भरतीच्या देशात सर्वांनाच आधी शिपाई व्हायला लावले, तर थेट अधिकारी होण्यासाठी येणारे अनेक हुशार तरुण इतर व्यवसायांकडे वळतील, हा धोका दृष्टिआड करून चालणार नाही.

अनुभवाचे बळ आणि त्याचे ओझे

शिपाईगिरीतून आलेल्या अधिकाऱ्याचा मोठा लाभ असा की, जवानाच्या पोटात काय चालले आहे हे त्याला अहवालातून वाचावे लागत नाही. पहाऱ्यावर तिसऱ्या प्रहरी डोळ्यांवर येणारी झोप, मनीऑर्डर वेळेवर न पोहोचल्याने घरी होणारी ओढाताण, अकारण दिलेला हुकूम पाळताना येणारी चीड, हे त्याने स्वतः भोगलेले असते. शिवाय अशी वाट खुली आहे एवढ्यानेच प्रत्येक बराकीतील तरुणाला पुस्तक उघडण्याचे कारण मिळते.

परंतु या अनुभवाला ओझीही असतात. कालच्या सोबत्यांना आज हुकूम करणे अवघड, आणि कालच्या वरिष्ठांच्या पंगतीला बसणे त्याहूनही अवघड. विल्यम रॉबर्टसन हा इंग्रज खेडेगावातील शिंप्याचा मुलगा १८७७ मध्ये १६ व्या लान्सर्समध्ये साधा स्वार म्हणून दाखल झाला. १८८८ मध्ये त्याला सनद मिळाली, ती मात्र दुसऱ्याच, ३ ऱ्या ड्रॅगून गार्ड्स या पलटणीत. इंग्लंडमधील घोडदळ अधिकाऱ्याचा मेसचा खर्च केवळ पगारात भागणे अशक्य होते. तो हिंदुस्थानात आला, कारण येथे कमी पैशांत राहता येई, आणि येथील भाषांच्या परीक्षा देऊन त्याने भत्ते मिळविले. पहिल्या महायुद्धात तो ब्रिटिश साम्राज्याचा प्रमुख सेनाधिकारी होता आणि १९२० मध्ये फील्ड मार्शल झाला. सनद देऊन दार उघडले तरी आतल्या खर्चाने आणि रीतिरिवाजाने ते पुन्हा लोटले जाऊ शकते, हे त्याच्या चरित्रावरून दिसते.

तिसरी अडचण पलटणीची स्वतःची आहे. उत्तम हवालदार सरसकट उचलून लेफ्टनंट केले, तर उत्तम सुभेदार येणार कोठून? नवख्या लेफ्टनंटाला घडविणारा आणि संकटात जवानांना धरून ठेवणारा तो मधला कणाच पोकळ होईल. म्हणून सैन्य सन्मान आणि सनद यांत भेद करते. १९८७ मध्ये सियाचिनवरील शत्रूचे ठाणे जिंकणारे नायब सुभेदार बाना सिंग यांना परमवीर चक्र मिळाले आणि पुढे मानद कॅप्टन हा हुद्दा मिळाला. मानद हुद्दा हा केलेल्या सेवेचा गौरव आहे. अधिकाऱ्याची सनद ही पुढे करावयाच्या कामाची नेमणूक आहे.

निकाल

तात्पर्य, शिपायातून अधिकारी घ्यावेत काय, या प्रश्नाचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. परंतु ते बढती म्हणून नव्हे, निवड म्हणून. बढती मागे पाहते, निवड पुढे पाहते. कंपनी सरकारने दीर्घ सेवेचे बक्षीस म्हणून हुद्दे वाटले आणि वर जाण्याची वाट बंद ठेवली. डेहराडूनच्या पहिल्या तुकडीसाठी तरुण शिपाई वेळीच निवडले गेले आणि त्यांतून दोन देशांना सेनाप्रमुख मिळाले. या दोन प्रयोगांपैकी कोणता अनुकरणीय, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

> थोडक्यात
>
> • सुभेदाराचे आणि अधिकाऱ्याचे काम वेगळे आहे. पहिले माणसे सांभाळण्याचे, दुसरे अनेक तुकड्यांचा मेळ घालण्याचे.
>
> • तरुण लेफ्टनंटाला अधिकार मिळतो तो पुढे मोठी जबाबदारी द्यावयाची असते म्हणून.
>
> • शिपायातून आलेले सेनापती इतिहासात अनेक आहेत. पण त्यांतील बहुतेकांची निवड तरुणपणीच झाली.
>
> • नोकरीच्या वर्षांवर दिलेली बढती सैन्याला वृद्ध करते. कसोटी घेऊन केलेली लवकरची निवड त्याला बळ देते.
>
> • सुभेदारी हे पद स्वतंत्र आणि सन्माननीय राहिले पाहिजे. ते अधिकारीपदाचे अपुरे रूप नव्हे.

ज्या घरातील मुलगा शिपाई म्हणून भरती झाला आहे, त्या घरातील वडीलधाऱ्यांनी त्याला एवढेच बजावून सांगावे: पहिली दोन वर्षे पूर्ण होताच कॅडेट कॉलेजच्या परीक्षेची चौकशी पलटणीच्या दप्तरात करावी, आणि सत्ताविसावे वर्ष उलटून जाऊ देऊ नये.